पैसा कोणाच्या नावाने, शाळा कोणासाठी?

कोणत्याही संस्थेच्या दारात गेले की भिंतीवर एक संगमरवरी पाटी दिसते. तिच्यावर संस्थापकाचे नाव असते, देणगीदारांची नावे असतात, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे नाव तर सर्वांत मोठ्या अक्षरात असते. पण ज्यांच्या गरिबीचा दाखला देऊन तो पैसा मागितला गेला, ज्यांच्या मुलांना पुढे उभे करून झोळी फिरवली गेली, त्यांचे नाव त्या पाटीवर क्वचितच सापडते. आज आम्ही वाचकांना अशाच एका संस्थेची आणि तिच्या संस्थापकाची हकिकत सांगणार आहोत. ती आपल्या देशातली नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली आहे. परंतु शिक्षणाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या आपल्या समाजाने ती जरूर वाचावी, घरातल्या शिकत्या मुलामुलींना वाचून दाखवावी, असे आम्हाला वाटते.

या संस्थापकाचे नाव एलिझर व्हीलॉक. जन्म २२ एप्रिल १७११, अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीतील विंडहॅम या गावी. त्या काळी अमेरिका स्वतंत्र देश नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या. व्हीलॉक १७३३ साली येल कॉलेजातून पदवीधर झाले आणि १७३५ साली लेबनन गावातील एका चर्चचे पाद्री झाले. वाणी जोरकस होती. त्या वेळी वसाहतींमध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट आली होती, तिच्यातले ते नावाजलेले प्रवचनकार होते. पगार पुरेना, म्हणून गोऱ्या मुलांना घरी ठेवून कॉलेजच्या परीक्षेसाठी तयार करण्याचे कामही ते करीत.

अशा या घरी १७४३ सालच्या डिसेंबरात वीस वर्षांचा एक तरुण आला. तो गोरा नव्हता. मोहेगन जमातीचा, म्हणजे त्या भूमीच्या मूलनिवासींपैकी होता. त्याचे नाव सॅमसन ऑकम. ज्यांची जमीन, ज्यांची नदी, ज्यांचे जंगल, त्यांनाच त्या काळचे गोरे रानटी म्हणत. ऑकमला वाचायची विलक्षण ओढ. पुस्तक मिळवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून त्याने अक्षरे गिरवली होती. त्याची आई सारा लेबननला जाणार होती. तिच्या कानावर त्याने घातले की, त्या पाद्रीबाबांना विचार, मला थोडे दिवस वाचायला शिकवतील का? आईने विचारले. व्हीलॉक म्हणाले, लगेच पाठवून दे. आठपंधरा दिवस राहावे या हिशेबाने गेलेला ऑकम तिथे सुमारे चार वर्षे राहिला. इंग्रजी शिकला, लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूचे धडेही त्याने घेतले. पुढे डोळे अधू झाल्यामुळे त्याचे कॉलेज मात्र राहून गेले.

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. मूलनिवासीच्या मुलाला आपल्या घरात ठेवून ग्रीक आणि लॅटिन शिकवणारा गोरा माणूस त्या काळी विरळाच. ते श्रेय व्हीलॉक यांचे आहे आणि ते त्यांना दिले पाहिजे. पण त्या मुलासाठी शब्द टाकणारी त्याची गरीब आई होती, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. इतिहासात अशा आया फार असतात, त्यांच्या पाट्या कुठे लागत नाहीत.

ऑकमची प्रगती पाहून व्हीलॉक यांच्या मनात आले की, अशी मुले आणखी तयार करावीत, म्हणजे तीच आपल्या लोकांत जाऊन धर्मप्रसार करतील. १७५४ साली त्यांनी मूलनिवासी मुलांसाठी धर्मादाय शाळा काढली. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली शिकायला गेले, त्याची स्थापनाही किंग्ज कॉलेज या नावाने याच १७५४ सालची. व्हीलॉक यांच्या शाळेला जोशुआ मूर नावाच्या शेतकऱ्याने घर आणि जमीन दिली, म्हणून ती मूर यांच्या नावाने ओळखली गेली. पहिले दोन विद्यार्थी डेलावेअर जमातीचे होते. १७६१ पासून काही मुलीही आल्या. पण मुलींना गोऱ्यांच्या घरी ठेवून घरकाम शिकवले जाई आणि शाळेत बसायला मिळे ते आठवड्यातून जवळपास एकच दिवस. मुलांनाही शेतात राबावे लागे. नॅरागान्सेट जमातीच्या एका बापाने व्हीलॉक यांना पत्र लिहून कळवले की, शेतीच करायची तर माझ्याकडे जमीन आहे, मुलगा मी शिकायला पाठवला आहे. शिक्षा होत, छड्या बसत. ओनायडा जमातीच्या आईबापांनी तर १७६९ च्या सुरुवातीला आपली मुले शाळेतून काढून परत नेली. ज्यांना आपण अडाणी समजतो त्या आईबापांना आपल्या लेकरांशी काय चालले आहे ते बरोबर कळत असते.

दरम्यान ऑकम मोंटॉक जमातीत शिक्षक झाला होता. १७४९ साली तो लाँग आयलंडला गेला, तिथल्याच मेरी फाउलर हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि १७५९ साली त्याला रीतसर पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. शिकवणे, प्रवचन, आजाऱ्यांची विचारपूस, तंटे मिटवणे ही सारी कामे तो करी. आणि पगार? त्याने स्वतःच १७६८ साली आपल्या आयुष्याची छोटी हकिकत लिहून ठेवली आहे, तिच्यात हा हिशेब आहे. बारा वर्षांच्या सेवेबद्दल त्याला मिळाले एकूण १८० पौंड. दुसऱ्या एका मोहिमेवर एका गोऱ्या, बिनलग्नाच्या पाद्र्यासाठी एकाच वर्षात तेवढीच रक्कम खर्च झाली. शंभर पौंड त्याला, पन्नास दुभाष्याला आणि तीस ओळख करून देणाऱ्याला. ऑकमला दुभाषा लागत नव्हता, ओळख करून देणारा लागत नव्हता. घर चालावे म्हणून तो पुस्तके बांधी, लाकडी चमचे आणि बादल्या बनवून विकी, मासे पकडी, मका पेरी. ही विषमता का, याचे त्याने दिलेले उत्तर साधे होते : मी गरीब इंडियन आहे म्हणून. वाचकहो, समान काम आणि असमान दाम, आणि कारण फक्त जन्म. हे गणित आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता हकिकतीचा मुख्य भाग येतो. शाळेला पैसा कमी पडू लागला. व्हीलॉक यांनी ठरवले की ऑकमला इंग्लंडला पाठवावे. तिथल्या लोकांनी पुस्तकातला रानटी ऐकला होता, आता शुद्ध इंग्रजीत प्रवचन करणारा मूलनिवासी पाद्री त्यांच्यासमोर उभा राहिला म्हणजे थैल्या मोकळ्या होतील. व्हीलॉक यांचा अंदाज बरोबर निघाला. २३ डिसेंबर १७६५ रोजी ऑकम आणि नॅथॅनिएल व्हिटेकर हे गोरे पाद्री बोस्टनहून जहाजाने निघाले. बायकामुलांची काळजी आम्ही घेऊ, असे आश्वासन व्हीलॉक यांनी दिले होते. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ऑकमने तीनशेहून अधिक प्रवचने केली. राजा तिसरा जॉर्ज याने २०० पौंड दिले. लॉर्ड डार्टमाउथ हे इंग्लंडमधील विश्वस्तांचे प्रमुख झाले. एकूण सुमारे बारा हजार पौंड जमले. ज्याला बारा वर्षांत १८० पौंड मिळाले त्या माणसाने दुसऱ्यासाठी बारा हजार पौंड उभे केले! आणि तेही कशासाठी, तर आपल्या लोकांची मुले शिकावीत म्हणून. मागे अमेरिकेत मात्र काही गोऱ्या मंडळींनी अफवा उठवली होती की हा खरा मोहेगन नाहीच. वर सांगितलेली हकिकत त्याला लिहावी लागली, ती अशा आरोपांना उत्तर म्हणून.

१७६८ साली ऑकम परत आला, तेव्हा त्याची मेरी मुलाबाळांसह हलाखीत दिवस काढत होती. दिलेला शब्द पाळला गेला नव्हता. पुढे दुसरा धक्का बसला. मूलनिवासी शिकवण्यात आता अर्थ नाही, त्यापेक्षा गोरे धर्मप्रचारक तयार करावेत, असे व्हीलॉक यांचे मत बनत चालले होते. १३ डिसेंबर १७६९ रोजी न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांच्याकडून त्यांनी एका नव्या कॉलेजची सनद मिळवली. नाव दिले डार्टमाउथ कॉलेज. इंग्लंडच्या विश्वस्तांना न विचारता ही सनद घेतली गेली आणि ज्यांचे नाव कॉलेजला दिले ते लॉर्डसाहेबही या योजनेवर नाखूष होते. सनदेत पहिला उल्लेख मूलनिवासी तरुणांच्या शिक्षणाचा आहे, त्यामागून इंग्रज तरुण आणि इतर. कागदावर आधी आम्ही, वर्गात आधी ते. ही रीत आम्हाला काही नवी वाटत नाही.

१७७० साली साठीला पोचलेले व्हीलॉक हॅनोव्हरच्या घनदाट रानात गेले. ओंडक्यांच्या झोपडीत राहून त्यांनी कॉलेज उभारले, ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कष्टांची त्यांची तयारी मोठी होती, यात शंका नाही. पण त्या रानात झाडे तोडायला, अन्न शिजवायला आणि शेत कसायला त्यांच्याबरोबर आठ काळे गुलाम होते, हे इतिहासकार क्रेग स्टीव्हन वाइल्डर यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. मूलनिवासींच्या नावाचा पैसा, त्यांच्याच मुलखातली जमीन, काळ्यांची मेहनत आणि कॉलेज गोऱ्यांचे. १७७१ साली पहिली तुकडी पदवीधर झाली. विद्यार्थी चार, चौघेही गोरे, आणि त्यांतला एक अध्यक्षांचाच मुलगा जॉन.

ऑकमने हे पाहिले आणि गप्प बसला नाही. त्याच वर्षी त्याने आपल्या जुन्या गुरूंना पत्र लिहिले. विद्यापीठाला लॅटिनमध्ये आल्मा माटर, म्हणजे पोसणारी माता म्हणतात. ऑकमने त्यावर शब्दाची कोटी केली. तुमची ही माता आल्बा माटर, म्हणजे गोरी माता झाली आहे, ती आमच्या सावळ्या लेकरांना दूध काय पाजणार, असा त्याचा आशय होता. जी भाषा गुरूने शिकवली तिच्यातच शिष्याने जाब विचारला. शिक्षण म्हणजे वाघिणीचे दूध आहे आणि ते पिणारा गुरगुरल्याशिवाय राहत नाही, असे बाबासाहेबांच्या नावाने आपल्याकडे सांगितले जाते. त्याचा प्रत्यय इथे येतो.

जाब विचारणाऱ्याच्या वाट्याला काय येते? तो कृतघ्न ठरतो. ऑकमविषयी तो दारुडा आहे अशी कुजबुज पसरवली गेली. १७६९ साली त्याच्या चर्चमंडळाने चौकशी केली आणि त्याला दोषमुक्त ठरवले, पण कुजबुज थांबली नाही. गुरुशिष्यांचे संबंध तुटले ते तुटलेच. व्हीलॉक यांचे २४ एप्रिल १७७९ रोजी हॅनोव्हरला निधन झाले. त्यांच्यामागे अध्यक्षपद कोणाला मिळाले? पंचवीस वर्षांच्या त्याच मुलाला, जॉनला. ते १८१५ पर्यंत त्या खुर्चीवर होते. संस्था समाजाच्या नावाची आणि गादी घराण्याची, हा रोग फक्त आपल्याच देशातला नाही.

ऑकमने काय केले? तो रडत बसला नाही. वेगवेगळ्या जमातींच्या ख्रिस्ती मूलनिवासींना एकत्र करून, गोऱ्यांच्या जाचापासून दूर, न्यूयॉर्कमधील ओनायडांनी दिलेल्या जमिनीवर त्याने जावई जोसेफ जॉन्सन आणि इतर साथीदारांसह ब्रदरटाउन ही वसाहत उभारली. ब्रदरटाउन म्हणजे भावांचे गाव. १७९२ च्या जुलैत न्यू स्टॉकब्रिज येथे त्याने देह ठेवला. १७७२ साली छापलेले त्याचे एक प्रवचन त्या काळी इतके खपले की त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ज्या कॉलेजासाठी त्याने समुद्र ओलांडला, तिथून मात्र पहिल्या दोनशे वर्षांत अवघे एकोणीस मूलनिवासी पदवीधर बाहेर पडले.

आता स्मृतीचे पाहू. हॅनोव्हरमध्ये मुख्य रस्त्याला व्हीलॉक यांचे नाव आहे. ऑकमच्या वाट्याला तिथले एक तळे आले. कॉलेजच्या एका पदवीधर कवीने व्हीलॉक यांच्यावर एक गमतीचे पानगीत लिहिले. त्यात हे पाद्रीबाबा बायबल आणि दारूचे पिंप घेऊन मूलनिवासींना शिकवायला जातात. विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते हसत हसत गात राहिल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर भित्तिचित्रे काढली गेली. १९२८ साली ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर बसवलेल्या वातकुक्कुटावर व्हीलॉक झाडाखाली उभे, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून चिलीम ओढणारा मूलनिवासी, असा देखावा होता. जो मूलनिवासी ग्रीक आणि लॅटिन शिकला, ज्याने बारा हजार पौंड आणले, तो चित्रात नव्हता. चित्रात होता दारू आणि चिलीमवाला. ज्याची थैली घेतली त्याचेच हसे करणे, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

पण काळ बदलतो, आणि तो आपोआप बदलत नाही, लोक बदलवतात. १९७० साली जॉन केमेनी अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी कॉलेजच्या मूळ वचनाची आठवण करून दिली आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी खास व्यवस्था सुरू केली. १९७२ साली मूलनिवासींच्या अभ्यासाचा विभाग उघडला. त्याच वर्षी कॉलेज मुलींनाही खुले झाले. तेव्हापासून हजाराहून अधिक मूलनिवासी विद्यार्थी तिथे शिकले. या विद्यार्थ्यांनीच वर्षानुवर्षे आवाज उठवला. २०१८ साली ती भित्तिचित्रे कॉलेजच्या आवारातून हलवली गेली. २०२० च्या जूनमध्ये मनोऱ्यावरचा तो देखावाही खाली उतरला. आणि २७ एप्रिल २०२२ रोजी कॉलेजचे अध्यक्ष फिलिप हॅनलन यांनी कनेक्टिकटमध्ये मोहेगन लोकांच्या वस्तीत जाऊन ऑकमचे मूळ कागदपत्र त्याच्या जमातीच्या स्वाधीन केले. पत्रे, रोजनिशी, हस्तलिखिते, सारे घरी परतले. बारा हजार पौंड परत आले नाहीत. पण त्यांचा हिशेब ज्या कागदांवर लिहिला आहे ते कागद आज हक्काच्या माणसांच्या हाती आहेत.

या हकिकतीवरून सगळे मिशनरी लबाड होते असा अर्थ कोणी काढू नये. व्हीलॉक यांनी ज्या न्यू हॅम्पशायरमध्ये कॉलेज काढले, त्याच मुलखातल्या सिंथिया फॅरार यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा महात्मा फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जोतिरावांनी उपकार मानले, पण शाळा मात्र स्वतः काढली. शिकवायला सावित्रीमाई स्वतः उभ्या राहिल्या. हा फरक फार मोलाचा आहे.

बाबासाहेबही सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊनच कोलंबियाला गेले. मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पण समाजाच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या संस्थेत चार जागा मागून समाधान मानले नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले कॉलेज काढले. ऑकमने पैसा जमवला, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला राहिली. बाबासाहेबांनी किल्ली आपल्या माणसांच्या हाती दिली.

आणि इथेच आमचा खरा मुद्दा आहे. किल्ली आपल्या हाती आली म्हणजे काम संपले का? आज गावोगावी आपली विहारे आहेत, वसतिगृहे आहेत, जयंती मंडळे आहेत, शिक्षणसंस्था आहेत. त्यांच्यासाठी धुणीभांडी करणारी आमची आई पदराच्या गाठीतून दहा रुपये देते. कामगार ओव्हरटाइमचा पैसा देतो. वर्गणी मागताना बाबासाहेबांचा फोटो पुढे धरला जातो. मग वर्षाच्या शेवटी हिशेब फळ्यावर लागतो का? वसतिगृहात खरोखर खेड्यातल्या गरीब मुलाला जागा मिळते, की पदाधिकाऱ्याच्या पाहुण्याला? अध्यक्षामागून अध्यक्ष कोण होतो? हे विचारणाऱ्या तरुणाला आपण शाबासकी देतो, की समाजद्रोही म्हणून गप्प बसवतो? व्हीलॉक हे काही पैसा खाऊन माडी बांधणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी कष्ट केले, कॉलेज उभे केले, फक्त ज्यांच्यासाठी पैसा आला त्यांना बाजूला सारले. म्हणूनच हे उदाहरण अधिक सावध करणारे आहे. हेतू चांगला होता, हे उत्तर हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही.

माता-भगिनींना आमची विशेष विनंती आहे. वर्गणी तुमच्या संसारातून जाते, तेव्हा सभेत मागच्या सतरंजीवर बसून राहू नका. पावती घ्या, ताळेबंद मागा, विहाराच्या समितीत जा. भगवान बुद्धांचा भिक्खू संघ एकत्र बसून, सर्वांसमोर विषय मांडून निर्णय घेई. ती आपली परंपरा आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, धम्माने वागण्याची ती रीत आहे.

आणि आमच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले काही जण उद्या अमेरिकेला जातील. हॅनोव्हरला जाणे झाले तर व्हीलॉक यांच्या नावाचा रस्ता जरूर पाहा. मग त्या तळ्याकाठीही जरा थांबा. ज्याच्या नावाने पैसा मागितला जातो, त्याचे नाव पाटीवर आहे की नाही, हे पाहण्याची सवय तिथून घेऊन या आणि ती आपल्या गावच्या विहारापर्यंत पोचवा.

जय भीम!